पीएचपी ८.४ : एचटीएमएलमध्येच सर्व्हरचा कोड लिहायचा असेल तर

पीएचपी म्हणजे सर्व्हरवर चालून वेब पानं बनवणारी भाषा. तिची ८.४ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. फ्रेमवर्क, एपीआय, रांगेत चालणारी कामं हे सगळं या परीक्षणात बाजूला ठेवलं आहे. इथे एकच प्रश्न आहे: एचटीएमएलच्या फाइलमध्ये थेट कोड लिहून डायनॅमिक पान तयार करायचं, तर हे साधन आज कितपत कामाचं आहे?

मत सुरुवातीलाच सांगतो. फाइल लिहिली, सेव्ह केली, ब्राउझर रिफ्रेश केला आणि पान दिसलं, इतका थोडका रस्ता आजही दुसऱ्या क्वचितच साधनात मिळतो. पण पीएचपीची छापण्याची खूण मुळातच असुरक्षित आहे. ती व्हेरिएबलमधला मजकूर जसाच्या तसा पानात ओतते. ही एक उणीव रोजच्या शिस्तीने भरून काढायची तयारी असेल तर पीएचपी जरूर घ्या. नसेल तर त्यावर ट्विग किंवा ब्लेडसारखं टेम्प्लेट इंजिन चढवा. सतत बदलणाऱ्या मोठ्या टीममध्ये निव्वळ पीएचपीची टेम्प्लेट ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालतं कसं

रास्मुस लेरडॉर्फ यांनी जून १९९५ मध्ये ‘पर्सनल होम पेज टूल्स’ जाहीर केली. त्यातून वाढत गेलेली कल्पना साधी आहे. फाइल म्हणजे मुळात एचटीएमएलच. खुणेच्या बाहेर असलेलं सगळं तसंच ब्राउझरकडे जातं, खुणेच्या आतलं सर्व्हरवर चालतं, आणि त्यातून जे छापलं जाईल तेवढंच पानात उतरतं. ब्राउझरमध्ये ‘सोर्स पाहा’ केलं तर कोडचा मागमूसही दिसत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टची पाटी कोरी असते. पान छापून झालं की सगळी व्हेरिएबल्स जातात, मेमरी मोकळी होते. नोड किंवा जावाच्या सर्व्हरवर एका वापरकर्त्याची माहिती चुकून ग्लोबल व्हेरिएबलमध्ये राहिली तर ती दुसऱ्याच्या पानात डोकावू शकते. पीएचपीच्या नेहमीच्या मांडणीत हा धोका जवळपास नाहीच. मेमरीची छोटी गळती असली तरी ती त्या रिक्वेस्टबरोबर संपते. बदल्यात प्रत्येक पानाला सेटिंग वाचणं, डेटाबेस जोडणं हे सगळं नव्याने करावं लागतं. पानं दाखवणाऱ्या साइटसाठी हा सौदा फायद्याचा आहे. तासन्‌तास उघडी राहणारी कनेक्शन सांभाळायची असतील, म्हणजे चॅट वगैरे, तर मात्र हे साधन त्या कामाचं नाही.

सराव करायला वेगळा वेबसर्व्हर लागत नाही. ५.४ पासून पीएचपीतच एक सर्व्हर आहे: टर्मिनलमध्ये पीएचपी, पुढे मोठ्या एसचा पर्याय आणि लोकलहोस्ट:८००० एवढं लिहायचं. लहान एस लिहिला तर सर्व्हरऐवजी कोड रंगवून दाखवणारं भलतंच काम सुरू होतं. हा सर्व्हर एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो, त्यामुळे एखादं पान स्वतःच्याच साइटवरचं दुसरं पान मागवत असेल तर दोन्ही एकमेकांची वाट बघत अडकतात. कोडमध्ये चूक आहे असं वाटत राहतं, पण चूक तिथे नसते. प्रत्यक्ष साइटसाठी तो बनवलेलाच नाही.

खुणा, मोकळ्या ओळी आणि हेडर

उघडण्याच्या खुणा तीन दिसतात. कोनकंस, प्रश्नचिन्ह आणि ‘पीएचपी’ ही पूर्ण खूण सगळीकडे चालते. छापण्यासाठीची `<?= ... ?>` ही खूण ५.४ पासून कोणत्याही सेटिंगशिवाय चालते. नुसती `<?` ही तिसरी खूण मात्र वापरू नका. ती चालणार की नाही हे शॉर्ट_ओपन_टॅग या सेटिंगवर ठरतं. आतली मूळ किंमत ‘चालू’ आहे, पण पीएचपीबरोबर येणाऱ्या दोन्ही नमुना आयएनआय (सेटिंगच्या) फाइलींमध्ये ती ‘बंद’ आहे. म्हणजे आज ज्या मशिनवर ती चालली, तिथून फाइल दुसऱ्या सर्व्हरवर नेली की तो तुकडा चालण्याऐवजी मजकूर म्हणून ब्राउझरकडे रवाना होतो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तोही. उलट ही खूण चालू ठेवली तर एक्सएमएल फाइलीची पहिली ओळ पीएचपीला कोड वाटते आणि पान पार्स एररवर थांबतं.

बंद करणाऱ्या `?>` खुणेचा एक गुण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तिच्या लगेच मागे असलेली एक नवी ओळ ती गिळते. पुढच्या दोन ओळी पाहा (‘सु’ हे मजकूर सुरक्षित करणारं फंक्शन, त्याबद्दल पुढे येईलच).

<?= सु($नाव) ?>
<?= सु($आडनाव) ?>

पानात नाव आणि आडनाव चिकटून येतात, कारण मधली ओळ गिळली गेली आणि जागाच उरली नाही. पहिल्या ओळीत `?>` नंतर एक स्पेस द्या, म्हणजे ती आणि तिच्यामागची ओळ दोन्ही टिकतात. एचटीएमएलमध्ये हे बहुधा खपून जातं. साध्या मजकुराची ईमेल याच पद्धतीने बनवताना मात्र पत्ता, तारीख आणि रक्कम एका ओळीत गोळा होतात.

वरच्या उदाहरणातली नावं देवनागरीत आहेत ती सोयीसाठी नव्हे. पीएचपीला ती खरोखर चालतात. ८० हेक्स किंवा त्यावरचा कुठलाही बाइट नावात चालतो, त्यामुळे `$नाव` हे रीतसर व्हेरिएबल आहे. तरी कामाच्या कोडमध्ये असं करू नये. तुलना बाइटनुसार होते, आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक नावात शिरला तर डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन नावं दोन वेगळी व्हेरिएबल्स ठरतात. ती चूक शोधायला फार वेळ जातो.

ज्या फाइलीत फक्त कोड आहे तिथे शेवटी `?>` लिहूच नका. त्यानंतर दोन मोकळ्या ओळी राहिल्या तर पहिली गिळली जाते, दुसरी ब्राउझरकडे जाते. एकदा एक अक्षर जरी बाहेर पडलं की हेडर, म्हणजे पानाच्या आधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना, निघून गेलेले असतात. मग रीडायरेक्ट होत नाही, कुकी बसत नाही, सेशन सुरू होत नाही, आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा सुप्रसिद्ध इशारा येतो.

त्या इशाऱ्यात दोन जागा दिलेल्या असतात. एक, हेडर पाठवायचा प्रयत्न जिथे झाला ती. दुसरी, कंसात, छपाई जिथे सुरू झाली ती. नवखे पहिल्या जागी शोधत बसतात. खरा दोष दुसऱ्या जागी असतो. तिथे पहिल्या ओळीचा आकडा असेल तर दोनच शक्यता: उघडणाऱ्या खुणेआधी मोकळी जागा आहे, किंवा फाइल बीओएमसकट सेव्ह झाली आहे. बीओएम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीचे तीन न दिसणारे बाइट. एडिटरमध्ये ‘यूटीएफ-८, बीओएमशिवाय’ निवडून फाइल पुन्हा सेव्ह करा.

हीच चूक एका सर्व्हरवर दिसते आणि दुसऱ्यावर नाही, याचं कारण आउटपुट_बफरिंग. नमुना आयएनआयमध्ये ते ४०९६ बाइट आहे; आयएनआय फाइलच नसेल तर शून्य. बफर असेल तर छपाई आधी तिथे साठते, म्हणून उशिरा पाठवलेला हेडरही खपून जातो. पान ४०९६ बाइटच्या पुढे गेलं की बिंग फुटतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यामुळे मराठी पानात ही मर्यादा साधारण तेराशे चिन्हांतच संपते. बफर वाढवणं हा इलाज नव्हे. हेडर, कुकी, सेशन हे सगळं पहिल्या छपाईच्या आधी उरका.

रीडायरेक्टबद्दल आणखी एक. लोकेशन हेडर पाठवला म्हणजे कोड थांबत नाही. पुढच्याच ओळीत एक्झिट हवं. ते विसरलं तर ‘लॉगिन नसेल तर बाहेर पाठवा’ या तपासणीनंतरचा सगळा कोड चालतो, आणि संरक्षित पान उत्तराच्या आत तसंच जातं. ब्राउझर ते दाखवत नाही, पण रीडायरेक्ट न पाळणारा प्रोग्राम ते निवांत वाचतो.

छापणं सुरक्षित कसं करायचं

या साधनाचा सर्वांत कच्चा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

वापरकर्त्याने नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टॅग लिहिला आणि तुम्ही `<?= $नाव ?>` असं छापलं, तर ती स्क्रिप्ट पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालते. उपाय म्हणजे एचटीएमएलस्पेशलचार्स हे फंक्शन. ते अँपरसँड, दोन्ही कोनकंस, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण या पाच चिन्हांना निरुपद्रवी करतं. एकेरी अवतरण ८.१ पासून आपोआप धरलं जातं. त्याआधी ते मूळ सेटिंगमध्ये सुटत असे, आणि एकेरी अवतरणातले अ‍ॅट्रिब्यूट उघडे पडत.

एवढं लांब नाव दर वेळी कोणी लिहीत नाही, आणि न लिहिण्यातच भोक राहतं. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी एक-दोन अक्षरी फंक्शन करून ठेवा. वर ‘सु’ आहे ते तेच. त्याच्या आत एचटीएमएलस्पेशलचार्सला चार गोष्टी स्पष्ट सांगा: मजकूर नल (किंमतच नाही) असेल तर रिकामी स्ट्रिंग घ्यायची, दोन्ही अवतरणं बदलायची, बिघडलेल्या बाइटच्या जागी पर्यायी चिन्ह टाकायचं, आणि एन्कोडिंग यूटीएफ-८. नलची तरतूद का? ८.१ पासून नल दिला तर डेप्रिकेशनचा, म्हणजे ‘ही पद्धत पुढे बंद होईल’ असा, इशारा येतो, आणि डेटाबेसमधला एखादा रकाना रिकामा असणं ही रोजची गोष्ट आहे. मग नियम एकच: `<?=` नंतर ‘सु’ नसेल तर ती ओळ कोड तपासणीत परत पाठवायची. फाइलीत शोध घालूनही अशा ओळी सापडतात.

पण ‘सु’ म्हणजे रामबाण नव्हे. ते टॅगच्या मधल्या मजकुराला आणि अवतरणात लिहिलेल्या अ‍ॅट्रिब्यूटला पुरतं. अ‍ॅट्रिब्यूट अवतरणाशिवाय लिहिलं असेल तर मजकुरातली एक साधी स्पेसही नवा अ‍ॅट्रिब्यूट सुरू करते, आणि ‘सु’ स्पेसला हात लावत नाही. लिंकच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे किंमत घालायची असेल तर आधी रॉयूआरएलएन्कोड, मग ‘सु’. अख्खी लिंकच वापरकर्त्याने दिली असेल तर तिची सुरुवात एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस आहे हे तपासायलाच हवं; ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणाऱ्या पत्त्यात वरच्या पाचपैकी एकही चिन्ह नसलं तरी तो घातक असतो.

स्क्रिप्ट टॅगच्या आत किंमत घालायची तर जेसन_एन्कोड वापरा, ‘सु’ नको. नुसतं जेसन_एन्कोड तिरकी रेघ बदलून देतं, म्हणून मजकुरातला बंद होणारा स्क्रिप्ट टॅग निकामी होतो. पण लिंका सुटसुटीत दिसाव्यात म्हणून कोणी ‘अनएस्केप्ड स्लॅशेस’ हा पर्याय लावला की ते संरक्षण जातं. त्यासाठी ‘हेक्स टॅग’ हा पर्याय कायम द्या. ‘थ्रो ऑन एरर’ही द्या, नाहीतर बिघडलेली यूटीएफ-८ स्ट्रिंग आली की जेसन_एन्कोड फॉल्स परत देतं, फॉल्स छापलं की काहीच उमटत नाही, आणि बरोबर चिन्हापुढे थेट अर्धविराम येतो. त्या एका रिकाम्या जागेने पानावरची ती अख्खी स्क्रिप्ट बंद पडते. याहून सोपा मार्ग म्हणजे जेसन ‘सु’मधून काढून डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवणं आणि जावास्क्रिप्टने तिथून वाचणं. स्क्रिप्टच्या पोटात पीएचपी मिसळायची वेळच येत नाही.

बाकीची साधनं या बाबतीत कुठे आहेत? रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कमधलं ईआरबी तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, आपोआप एस्केप करतं, म्हणजे घातक चिन्हं निरुपद्रवी करून छापतं. रुबीचं साधं ईआरबी करत नाही. जावास्क्रिप्टच्या ईजेएसमध्ये `<%=` सुरक्षित आणि `<%-` कच्चं. मायक्रोसॉफ्टच्या रेझरमध्ये ‘@’ने छापलेलं सुरक्षितच असतं. जावाच्या जेएसपीत मात्र `<%= %>` आणि डॉलर-महिरप हे दोन्ही मजकूर कच्चा छापतात; तिथे सी:आउट लागतं. ट्विगमध्ये आणि ब्लेडच्या दुहेरी महिरपीत आपोआप एस्केपिंग आहे. याचा अर्थ सरळ आहे: पीएचपीच्या आसपासच्या बहुतेक साधनांनी सुरक्षित छपाई ही मूळ वागणूक केली आणि कच्ची छपाई मुद्दाम मागायला लावली. पीएचपीत आजही उलट आहे. जुना कोड न मोडण्याची अडचण समजते, पण नवी, सुरक्षित छापण्याची खूण जोडायला काय हरकत होती? या कारणासाठी मी पूर्ण गुण देणार नाही.

मराठी मजकूर

पीएचपीची स्ट्रिंग म्हणजे बाइटची माळ. स्ट्रलेन बाइट मोजतं. ‘विद्यार्थी’ या शब्दात दहा युनिकोड चिन्हं आहेत, स्ट्रलेन तीस सांगतं आणि एमबी_स्ट्रलेन दहा. रकान्यात ‘जास्तीत जास्त ५० अक्षरं’ ही तपासणी स्ट्रलेनने केली तर मराठी नाव सतराव्या चिन्हालाच नाकारलं जातं.

बातमीचं शीर्षक तोडून दाखवताना घोटाळा जास्त होतो. सबस्ट्रने १०० बाइटवर तोडलं तर घाव अक्षराच्या मध्येच बसू शकतो. ८.१ च्या आधी अशी तुटकी स्ट्रिंग एचटीएमएलस्पेशलचार्सला दिली की ते रिकामी स्ट्रिंग परत देत असे: काही बातम्यांची शीर्षकं गायब, काहींची जागेवर, आणि कुठेही एरर नाही. आता शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकट येतो, निदान चूक दिसते तरी. एमबी_सबस्ट्र चिन्ह फोडत नाही, पण जोडाक्षर फोडतं; ‘विद्यार्थी’ची पहिली चार चिन्हं घेतली की पाय मोडलेला ‘विद्’ उरतो. वेगवेगळ्या भाषांसाठीच्या इंटल एक्स्टेन्शनमधलं ग्राफीम_सबस्ट्र बरं आहे, तरी जोडाक्षर एक धरायचं की दोन हे सर्व्हरवरच्या आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या आवृत्तीवर अवलंबून असतं. सर्वांत भरवशाचं म्हणजे एमबी_सबस्ट्रने तोडून मग शेवटच्या स्पेसपर्यंत मागे यायचं. किंवा तोडायचंच नाही; ओळींची मर्यादा सीएसएसवर सोपवायची.

मराठी महिने आणि आकडे हवे असतील तर डेट फंक्शनकडे जाऊ नका, ते नावं इंग्रजीतच देतं. इंटलमधलं इंटलडेटफॉर्मॅटर मराठी लोकेल घेऊन महिनाही मराठी देतं आणि अंकही देवनागरी. नंबरफॉर्मॅटर १२,३४,५६७ असे स्वल्पविराम बरोबर देतं. नवी होस्टिंग घेताना इंटल आणि एमबीस्ट्रिंग ही दोन्ही एक्स्टेन्शन चालू आहेत ना, हे आधी बघा. पुष्कळदा नसतात.

मायएसक्यूएलशी जोडताना कनेक्शनच्या ओळीतच यूटीएफ८एमबी४ लिहा. तिथलं जुनं ‘यूटीएफ८’ तीनच बाइटचं आहे. देवनागरी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि पहिला इमोजी आला की नोंद नाकारली जाते किंवा तुटते. कनेक्शन आणि टेबल यांचं एन्कोडिंग जुळत नसेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. ती फक्त दिसण्यातली चूक नाही. मूळ मजकूर त्या क्षणी गेलेला असतो आणि परत मिळत नाही.

पानाची मांडणी

एम्बेडेड कोड बदनाम झाला तो एचटीएमएल आणि क्वेरी यांच्या खिचडीमुळे, आणि ती टाळणं अवघड नाही. फाइलीच्या वरच्या भागात सगळं काम: इनपुट तपासणं, डेटा आणणं, हेडर पाठवणं, काय दाखवायचं ते ठरवणं. मग एकदा `?>`, आणि त्याखाली फक्त एचटीएमएल, ज्यात छापणं, इफ आणि फॉरईच एवढंच असेल. खालच्या भागात महिरपी कंस नकोत. कोलन आणि एंडइफ, कोलन आणि एंडफॉरईच ही पर्यायी लिखावट वापरा. दोनशे ओळींच्या टेम्प्लेटमध्ये नुसता महिरपी कंस कोणाचा हे कळत नाही. एंडफॉरईच स्वतःच सांगतो.

लूपच्या आत क्वेरी नको. पन्नास ओळींची यादी आणि प्रत्येक ओळीला लेखकाचं नाव आणणारी वेगळी क्वेरी म्हणजे एका पानाला ५१ क्वेरी. सरावाच्या मशिनवर डेटाबेस शेजारीच असल्याने हे जाणवत नाही. डेटाबेस वेगळ्या मशिनवर गेला की पान जड होतं. जॉइन करा, किंवा सगळे क्रमांक गोळा करून एकच क्वेरी द्या.

क्वेरीत वापरकर्त्याची किंमत नेहमी पीडीओ या डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा: प्लेसहोल्डर, म्हणजे क्वेरीतली राखीव जागा, किमतीसाठी असतो, कॉलमच्या नावासाठी नाही. ‘या कॉलमनुसार क्रम लावा’ असा पर्याय देत असाल तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि आलेलं नाव त्यात असेल तरच वापरा.

फॉर्म आणि सेशनमधले छुपे आकडे

फॉर्म सबमिट झाला, पण पोस्टमध्ये काहीच नाही? आलेला डेटा पोस्ट_मॅक्स_साइझपेक्षा, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये ८ एमबीपेक्षा, मोठा असला की पीएचपी पोस्ट आणि फाइल्स दोन्ही रिकामे देतं. एका फाइलीची मर्यादा त्याहून कमी, २ एमबी. आणि पुढे एनजिनएक्स हा वेबसर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ एमबी आहे. ती ओलांडली की ४१३ चा एरर येतो आणि रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत पोचतही नाही. तिन्ही आकडे एकत्र वाढवावे लागतात.

मॅक्स_इनपुट_व्हार्स याहून फसवं आहे. त्याची किंमत १०००. तीनशे ओळी आणि प्रत्येकी चार रकाने असा फॉर्म केला तर १२०० किमती येतात. पहिल्या अडीचशे ओळी साठतात, बाकीच्या पन्नास मुकाट्याने गळतात. लॉगमध्ये इशारा असतो, पानावर काहीच नाही. गुणपत्रकं, साठ्याच्या नोंदी, हजेरी अशा फॉर्मला याचा फटका हमखास बसतो.

सेशनची फाइल सेशन_स्टार्टपासून पान संपेपर्यंत कुलूपबंद असते. त्याच वापरकर्त्याच्या पाच अजॅक्स (पान न बदलता मागे जाणाऱ्या) रिक्वेस्ट एकदम आल्या तर त्या एकामागून एक चालतात. ‘सर्व्हर हळू आहे’ या तक्रारीचं हे एक नेहमीचं मूळ. पान सेशनमधून फक्त वाचत असेल तर सेशन_स्टार्टला ‘रीड अँड क्लोज’ पर्याय द्या. लिहीत असेल तर लिहून झाल्याबरोबर सेशन_राइट_क्लोज.

प्रत्यक्ष सर्व्हरवर

एफपीएम म्हणजे पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम. त्याचा प्रत्येक प्रोसेस एका वेळी एकच पान बनवतो, आणि मूळ पूल फाइलीत पीएम.मॅक्स_चिल्ड्रन ५ असतं. पान बाहेरच्या सेवेसाठी दोन सेकंद थांबत असेल तर पाच प्रोसेसमधून सेकंदाला अडीच पानं निघतात. बाकी सगळे रांगेत. सीपीयू निवांत आणि साइट ठप्प असं चित्र दिसलं की एफपीएमचा लॉग उघडा. मर्यादा गाठल्याची ओळ तिथे असते. आकडा अंदाजाने वाढवू नका. पीएचपीसाठी १ जीबी मेमरी ठेवली आणि एक प्रोसेस ५० एमबी घेत असेल, तर वीसच्या पुढे गेलात की मशिन स्वॅपमध्ये जाईल (मेमरीऐवजी डिस्क वापरू लागेल) आणि होतं त्याहून बिघडेल. बाहेरच्या सेवेला टाइमआउट लावणं हा पहिला उपाय.

ऑपकॅश, म्हणजे पार्स झालेल्या कोडचा साठा, चालू ठेवाच. दर वेळी फाइल पार्स करण्याचं काम वाचतं. मूळ सेटिंगमध्ये तो दोन सेकंदांनी फाइल बदलली का ते पाहतो, म्हणून नवा बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका. तपासणी पूर्ण बंद केली असेल तर प्रत्येक वेळी नवा कोड चढवल्यावर एफपीएम रीलोड करावा लागतो.

डिस्प्ले_एरर्स बंद, लॉग_एरर्स चालू. पासवर्ड असलेली फाइल वेबच्या फोल्डरच्या बाहेर. सर्व्हरच्या सेटिंगमधली एक ओळ चुकली तर पीएचपी फाइली न चालता मजकूर म्हणून दिल्या जातात. तेव्हा बाहेर ठेवलेली फाइल सुरक्षित राहते. एडिटरने किंवा हाताने ठेवलेल्या ‘.बॅक’, ‘.ओल्ड’ अशा प्रतीही मजकूर म्हणूनच बाहेर जातात. त्या सर्व्हरवर ठेवूच नका.

कोणी घ्यावं

माहिती दाखवणाऱ्या साइट, फॉर्म, अंतर्गत कामाची छोटी ॲप, अहवाल यांसाठी ८.४ उत्तम आहे, आणि ते मोफत व मुक्त स्रोत आहे. नवं काम मायक्रोसॉफ्टच्या जुन्या क्लासिक एएसपीत सुरू करू नये. त्याची नेहमीची भाषा व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून काढून टाकण्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. जेएसपी तिथेच बरं, जिथे मागचा सगळा पसारा जावाचा आहे.

८.४ ला सक्रिय दुरुस्त्या २०२६ अखेरपर्यंत आणि सुरक्षा दुरुस्त्या २०२८ अखेरपर्यंत मिळणार आहेत. जुना कोड इथे आणताना पाच जागा आधी तपासा. मायएसक्यूएल_ने सुरू होणारी फंक्शन्स ७.० मध्येच गेली. कंसाशिवाय एकात एक घातलेले टर्नरी (प्रश्नचिन्ह-कोलनच्या अटी) ८.० पासून चालत नाहीत. शून्य आणि अक्षरांची स्ट्रिंग यांची दोन बरोबर चिन्हांनी केलेली तुलना आधी खरी ठरायची, ८.० पासून खोटी ठरते. तिथे एररही येत नाही, फक्त इफची दुसरी बाजू चालू लागते. न भरलेलं व्हेरिएबल छापलं तर आधी नोटीस यायची, आता वॉर्निंग येते. आणि नल हे डीफॉल्ट दिलेल्या पॅरामीटरचा प्रकार प्रश्नचिन्हाशिवाय लिहिला असेल तर ८.४ डेप्रिकेशन नोंदवतं. आधी सगळ्या फाइलींवर पीएचपीचा लहान एलचा पर्याय चालवून व्याकरण तपासा, मग सरावाच्या सर्व्हरवर आठवडाभर लॉग भरू द्या. त्यातल्या तुलनेच्या जागा हातानेच शोधाव्या लागतील, म्हणून तीन बरोबर चिन्हांची सवय आजपासूनच लावून घ्या.